बारव बुजवली, सोय झाली

"थांब तिथंच!" पाटील ओरडला.

मी थांबलो. माझ्या हातात मोजणीच्या साखळीचं टोक होतं. महारवाड्यापासून साखळी टाकत टाकत आम्ही गावातल्या आडापर्यंत आलो होतो. शेवटची वीस-बावीस पावलं राहिली होती.

डॉक्टरसाहेब छत्रीखाली उभे होते. हातात वही. त्यांना कळेना मी का थांबलो ते. "पुढं जा ना. कठड्याला टोक लाव."

आडावर पाणी शेंदणाऱ्या बाया कळशा उचलून बाजूला झाल्या. एकीनं पदर नाकाला लावला. माझ्या अंगावर सरकारी खाकी कोट होता. पण त्यांना कोट दिसत नव्हता.

पाटील म्हणाला, "साहेब, त्यो म्हार हाय. ह्याच गावचा. त्यो कट्ट्याजवळ गेला तर आड बाटंल. टोक माज्या गड्याकडं द्या."

मला वाटलं, साहेब आता काही बोलतील. पुण्यात शिकलेला माणूस. विलायत बघून आलेला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"कुणीही धरा हो," साहेब म्हणाले. "मला आकडा पाहिजे."

मी टोक जमिनीवर ठेवून मागं सरकलो. पाटलाच्या गड्यानं त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचललं. कठड्याला टेकवलं. साहेबांनी वहीत अंतर लिहिलं. मी कुठं थांबलो, ते लिहिलं नाही.

दुसरी जर्मन लढाई नुकतीच संपली होती. सुप्याच्या पलीकडं माळावर आमचं गाव. पाऊस कमी, खडक फार. मी मराठी सातवी पास झालेलो. आमच्या वाड्यात पहिलाच. नारूचा बंदोबस्त करायला सरकारनं एक पथक काढलं होतं, त्यात मला साखळी ओढायचं काम मिळालं. कोट घालून घरी आलो तेव्हा आईनं बाहीवरून हात फिरवला होता. "सरकारचा मानूस झालास," म्हणाली.

नारू म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. माझी धाकटी बहीण रखमा तेव्हा बारा वर्षांची. तिच्या घोट्यातून नारू बाहेर येत होता. पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा. आई तो काडीला गुंडाळायची आणि रोज बोटभर ओढायची. तुटला तर पाय सुजायचा, सडायचा. रखमा दातात पदर धरून बसायची. वाड्यात घराघरात असं कुणी ना कुणी काडी बांधून पडलेलं.

आमचं पाणी बारवेचं. पायऱ्या उतरून जायचं, पाण्यात पाय घालायचे, घागर बुडवायची. साहेबांनी त्या पाण्याचा थेंब काचेवर घेऊन मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. पिसवेएवढा जीव, तुरुतुरु पळणारा. साहेब म्हणाले, "नारू झालेला माणूस पाण्यात पाय घालतो. नारूची पिल्लं पाण्यात सुटतात. हा किडा ती खातो. आणि तुम्ही हा किडा पिता."

कुणी आजवर आम्हाला असं सांगितलं नव्हतं. म्हातारी माणसं देवीचा कोप म्हणायची. साहेब खरं बोलत होते. आजही मी म्हणतो, खरं बोलत होते. ते वाईट माणूस नव्हते. माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. म्हणून तर जास्त लागलं.

चार दिवसांनी हुकूम आला. बारव दगड-मातीनं बुजवायची.

मी विचारलं, "साहेब, मग आमी पानी कुठनं आनायचं?"

त्यांनी नकाशा पसरला. त्यावर दोन गोल होते. एक लाल, एक निळा. "लाल ती तुमची बारव. धोकादायक. निळा तो गावचा आड. सुरक्षित. अंतर आपणच मोजलं की. ठरलेल्या हद्दीच्या आत आहे."

"तिथं आमाला जाऊ देत न्हाईत. तुमी बघितलंत."

"ते माझ्या खात्याचं काम नाही. तो समाजाचा प्रश्न आहे. मी आरोग्याचं बघतो."

"मग बारव बुजवू नका. पायऱ्या फोडा, वर कठडा बांधा, रहाट बसवा. आमी वरून शेंदू."

साहेबांनी चष्मा पुसला. खरंच विचार केला त्यांनी. मग म्हणाले, "एका गावाला एक सुरक्षित विहीर, अशी योजना आहे. तुमच्या गावात ती आहे. दुसरीला मंजुरी मिळणार नाही."

मी नकाशाकडं बघत राहिलो. त्यावर गाव एकच होतं.

बारव बुजवायला मजूर आमच्याच वाड्यातले. देखरेखीला मी. पहिला दगड टाकायला कुणी पुढं होईना. आई घागर घेऊन काठावर उभी होती. मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "बुजव बाबा. पोरीच्या पायातला किडा मी माज्या हातानं वडलाय. बुजव. पन बुजवल्यावर पानी कुठं हाय ते दाव."

मी दगड टाकला. खाली पाण्यात आवाज झाला. पाच दिवस आवाज होत राहिला. मग आवाज यायचा बंद झाला.

त्यानंतर आमच्या बाया आडापासून लांब, घागरी मांडून बसायला लागल्या. कुणी गावातली बाई दया करून वरून ओतील तेव्हा पाणी. ओतताना "लांब धर, लांब धर" ऐकायचं. अर्धं घागरीत, अर्धं मातीत. कधी दुपारपर्यंत कुणी ओतायचंच नाही. रखमा बांधलेला पाय पसरून उन्हात बसायची. मग बाया ओढ्यात जाऊन वाळू उकरायला लागल्या. ते पाणी गढूळ. जनावरंही तिथंच. पोरांना हगवण लागली. शेजारच्या घरातलं दीड वर्षाचं लेकरू तीन दिवसांत गेलं. त्याला पुरून आलो त्या दिवशीही मी कोट घालून कामावर गेलो. मला दुसरी वाटच नव्हती. त्या पगारावर घरात चूल पेटत होती.

हगवण साहेबांच्या वहीत आली नाही. त्यांचं पथक नारूचं होतं.

पुढच्या वर्षी वाड्यात नवा नारू जवळजवळ निघाला नाही. साहेबांना आनंद झाला. वरचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्याआधी चावडीपुढं आम्हाला खाली बसवलं आणि साहेबांनी माझ्या हातात टाईप केलेला कागद दिला. "तू शिकलेला आहेस. वाचून दाखव आणि सगळ्यांचे अंगठे घे. खाली तुझी सही कर."

मी मनात वाचला. धोकादायक विहीर बंद करण्यात आली आहे. पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय झाली आहे. रहिवाशांची तक्रार नाही.

शेवटच्या ओळीवर माझे डोळे अडकले. तक्रार नाही. समोर मेलेल्या लेकराचा बाप बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. मी जे वाचीन ते त्याला खरं वाटणार होतं.

मी मोठ्यानं वाचलं. एकेक शब्द. मग विचारलं, "हे खरं हाय का?"

तो बाप म्हणाला, "न्हाई."

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मी सही करनार न्हाई. ह्याच्याखाली लिव्हा, आड हाय, पानी हाय, पन म्हारांना भरू देत न्हाईत. मग करतो."

"या कागदात शेऱ्याला जागा नाही," साहेब म्हणाले. रागानं नाही, समजावल्यासारखं. "तू आकडे पाहिलेस ना? नारू कमी झाला की नाही?"

"झाला."

"मग?"

"मग तेवढंच लिव्हा. सोय झाली असं लिवू नका."

पाटील उठला. "माजलाय! कोट काढून घ्या त्याचा."

कुणी काढायच्या आत मीच काढला. घडी करून साहेबांच्या मेजावर ठेवला. त्यांनी कागद पाटलाकडं दिला.

संध्याकाळपर्यंत अंगठे झाले. पाटलानं रानातली कामं बंद करायची धमकी दिली. माणसं एकेक करून गेली आणि उमटवून आली. त्या बापानंही उमटवला. माझ्याकडं न बघता घरी गेला. मी त्याला बोल लावत नाही. त्याला आणखी दोन लेकरं होती.

कागद नगरला गेला. त्या कागदात आमची तक्रार नव्हती. बारव परत उघडली नाही, आड आमचा झाला नाही. रखमाचा पाय बरा झाला, पण घोटा वाकडाच राहिला. तसल्या पायानं ती ओढ्यावर जात राहिली.

मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. आणि रोज संध्याकाळी वाड्यातल्या माणसांना घेऊन बसू लागलो. म्हाताऱ्यांनाही, बायांनाही. आधी आई बसली. मी त्यांना देवाचं नाव लिहायला शिकवलं नाही, स्वतःचंसुद्धा नाही. पहिला शब्द शिकवला तो 'नाही'. पुढचा कागद येईल तेव्हा हा शब्द प्रत्येकाला आपल्या हातानं लिहिता आला पाहिजे. जागा ठेवलेली नसली, तर छापलेल्या ओळीवरच लिहायचा.