गाडीवाले पप्पा

कमलाकांत तामोरेला कंपनीने काढलं ते संक्रांतीच्या आठवड्यात. तेव्हा तो नोकरीच्या गावी, हैदराबादला नव्हता, पालघरला घरीच होता. सणाला आला होता आणि काही दिवस घरूनच काम करणार होता. सकाळी चहा घेऊन लॅपटॉपपुढे बसला तर पासवर्ड चालेना. पुन्हा टाकला, तरी चालेना. आपलंच काही चुकत असेल म्हणून त्याने चष्मा पुसून पाहिला. तेवढ्यात फोनवर मेल आली. इतक्या वर्षांच्या कामाबद्दल कंपनी त्याची आभारी होती, पण त्याचं पद आता राहिलं नव्हतं. त्याने साहेबांना फोन लावला, तो कोणी उचलला नाही. साहेबांचंही पद त्याच सकाळी गेलं होतं, हे त्याला नंतर कळलं.

कमलाकांत दातिवऱ्याच्या मच्छीमाराचा मुलगा. गावातून इंजिनिअर होऊन एवढ्या मोठ्या कंपनीत लागलेला तो पहिलाच, त्यामुळे त्याचं कौतुक फार. बायको अर्चना पालघरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर. तिची नोकरी इथे, त्याची तिथे. मुलगी दीपिका जन्मली तेव्हा ‘दोन-तीन वर्षांत बदली घेतो’ असं तो म्हणाला होता. दीपिका आता नववीत होती. बाप म्हणजे गणपती, दिवाळी, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि रविवारचा व्हिडिओ कॉल, एवढंच तिला माहीत.

अर्चना ड्युटीवरून दुपारी घरी आली. त्याने दारातच सांगून टाकलं. तिने पर्स ठेवली, हातपाय धुतले आणि तो जेवला का ते विचारलं. तो जेवला नव्हता. तिने पोळ्या केल्या. तो शेवटचा घास घेईपर्यंत ती समोर बसून राहिली. दीपिकाला संध्याकाळी सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे आता तुम्ही इथेच राहणार?” विचारताना तिचा चेहरा उजळला होता. मग आईकडे बघून आपलं काहीतरी चुकलं असं वाटून तिने मान खाली घातली. कमलाकांतला त्या दिवसातलं तेवढंच बरं वाटलं.

दातिवऱ्याला आईला सांगायला जायचं त्याने बरेच दिवस टाळलं. शेवटी गेला. मैनाबाई बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“काय चोरीबिरी केलीस काय?”

“नाय गो आये.”

“मंग मान कशाला खाली घालतंस? बस, जेवून जा.”

आणि शेजारणीने विचारलं तेव्हा मैनाबाईने तिला सरळ सांगितलं, की पोराची नोकरी गेली हाय, आता घरी हाय. कमलाकांत बिल्डिंगमध्ये अजून ‘वर्क फ्रॉम होम’ सांगत होता. आईचं ऐकल्यावर त्यानेही ते सांगणं सोडलं.

पुढचे दोन-तीन महिने वाईट गेले. तो अर्ज करत राहिला. मुलाखती घेणारे त्याच्याहून पुष्कळ लहान असत, गोड बोलत आणि मग काही कळवत नसत. रिकाम्या वेळात त्याने स्वयंपाकघर हातात घेतलं. सगळे डबे उतरवले, प्रत्येकावर नाव चिकटवलं, जास्त लागणारं पुढे आणि कमी लागणारं मागे अशी रचना केली. अर्चनाला आठवडाभर हिंग सापडला नाही. तिने चिडून सगळे डबे जागच्या जागी लावले आणि म्हणाली, “तुम्ही घरात बसू नका. कुठेतरी जात जा.”

त्याच सुमारास दीपिकाने त्याला गाडीचं विचारलं. ती शाळेच्या कबड्डी संघात होती हे त्याला ठाऊक होतं, पण तेवढंच. संघातल्या निम्म्या मुली मनोरकडच्या गावांतल्या. त्यांची एसटी लवकर सुटे, म्हणून सराव रंगात आला की त्यांना निघावं लागे. पप्पांची गाडी तर आवरणाखाली नुसती उभीच असते, ते सोडतील का मुलींना, असं तिने चाचरत विचारलं. सात जणांची ती मोठी गाडी कमलाकांतने बढती मिळाली तेव्हा हौसेने घेतली होती आणि वर्षातून मोजके दिवस चालवली होती. तो हो म्हणाला.

मैदानावर पहिल्या दिवशी तो गाडीतच बसून राहिला. मग काच खाली करून पाहू लागला, मग उतरून कडेला उभा राहिला. दीपिका डावा कोपरा सांभाळत होती. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिने असा धरला की ती मुलगी जागच्या जागी आडवी झाली. मग दीपिका मोठ्याने हसली, तिने मुलीला उठवलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. कमलाकांतने तिला इतक्या मोठ्याने हसताना कधी ऐकलंच नव्हतं.

संघाच्या शिक्षिका नवसी हाडळ एकेकाळी राज्याच्या संघातून खेळलेल्या. बोलायच्या कमी. त्यांनी त्याला विचारलं, रोज जमेल का? एखाद्या दिवसापुरतं असेल तर नको, मुलींना सवय लागते. तो म्हणाला, जमेल.

आणि त्याने ते खरोखर जमवलं. संध्याकाळ झाली की गाडी मैदानाशी हजर. दीपिका धरून मातीने माखलेल्या सहा मुली दाटीवाटीने बसत, खिडक्या उघड्या, गाणी मोठ्याने. मासवणच्या पुढच्या पाड्यावरची चिमी सगळ्यांत शेवटी उतरे. ती संघाची मुख्य चढाईपटू, चणीने एवढीशी. पहिला आठवडा ती गाडीत तोंड उघडत नव्हती. मग एकदा तिने विचारलं, “काका, तुमी इतकी हळू का चालवतात?” सगळी गाडी हसली. त्यानंतर ती गप्प बसली असं झालं नाही. तिच्या आईने एकदा गाडीत काकड्यांची पिशवी ठेवली आणि त्याने नको म्हणायच्या आत ती घरात निघून गेली. मैदानावर त्याला सगळे ‘गाडीवाले पप्पा’ म्हणू लागले. मुलींची दुखणी, भांडणं, कुणाला गणित येत नाही, कुणाच्या घरचे कामासाठी वसईला जाणार आहेत, हे सगळं त्याला कळू लागलं. दीपिकाबद्दलही बरंचसं त्याला या मुलींकडूनच कळलं.

जिल्ह्याच्या स्पर्धा बोईसरला होत्या. नेमकी त्याच दिवशी हैदराबादच्या एका चांगल्या कंपनीची शेवटची मुलाखत ठरली. अर्चना म्हणाली मुलींची दुसरी सोय करू. त्याला ते पटेना. सकाळचा सामना मुलींनी जिंकला, अंतिम सामन्याला अवकाश होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्याने गाडी झाडाखाली लावली, एसी चालू केला आणि फोन समोर टेकवून मुलाखतीला बसला. मागे सहा जणी श्वास रोखून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने समोरच्या बाईंनी विचारलं, मधल्या काळात काय केलंत? त्याने तयार करून ठेवलेलं उत्तर, म्हणजे ऑनलाइन कोर्स वगैरे, तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मागे चिमीला जोरात शिंक आली, आणि बाकीच्या पाच जणींना हसू आवरेना. कमलाकांतने फोन वळवून दाखवला. म्हणाला, हेच केलं, यांना ने-आण केली. बाई हसल्या. मग त्यांनी सामना कोणाशी आहे ते विचारलं आणि मुलींना शुभेच्छा दिल्या.

अंतिम सामना मुली दोन गुणांनी हरल्या. येताना गाडीत गाणी लागली नाहीत. पण चिमीची जिल्हा संघात निवड झाली, आणि पुढच्या आठवड्यात कमलाकांतला नोकरी मिळाल्याचंही कळलं. पद चांगलं होतं. रोज ऑफिसात येणं मात्र भाग होतं, तेही हैदराबादला.

त्याने पेढे आणले. इतके दिवस याचसाठी जीव टांगणीला लागला होता. दीपिकाने पेढा घेतला आणि म्हणाली, “छान झालं, पप्पा. अभिनंदन.” अगदी नीट, शहाण्यासारखं. तो आवाज ऐकून कमलाकांत थबकला. इतकी वर्षं रविवारच्या कॉलवर ती याच आवाजात बोलत आली होती. अभ्यास चांगला चाललाय, हो, जेवले, हो, तुम्ही कसे आहात. मुलगी समजूतदार आहे म्हणून तो त्या आवाजावर खूश असायचा.

रात्री जेवताना त्याने अर्चनाला विचारलं, काय करू?

ती म्हणाली, “जायचं तर जा. मी कधी अडवलं नाही, आताही नाही अडवणार. पण आमच्यासाठी जातोय असं म्हणू नका.”

 तिसऱ्या दिवशी त्याने हैदराबादला फोन करून नकार कळवला. आपण मूर्खपणा केला असं त्याला पुढचे कित्येक दिवस अधूनमधून वाटत राहिलं. ते त्याने लपवलं नाही.  अर्चना रोजचा डबा दोघांचा भरू लागली, कारण तो दिवसभर तारापूरच्या एमआयडीसीत काम शोधत हिंडायचा आणि संध्याकाळी मैदानावर पोचायचा.

काम मिळालं ते भावनाच्या वडिलांमुळे. भावना संघातली राखीव खेळाडू. तिचे वडील जळगावकडचे, बोईसरच्या औषधांच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस गावी निघून गेला होता. पूर्वीच्या मानाने काम साधं, पगार बराच कमी, आणि साहेब धीरज नावाचा पोरगेला मुलगा. पहिले काही दिवस कमलाकांतला अवघड गेले. “सर, सिस्टम लटक गया,” असं म्हणत कोणीतरी धावत यायचं, आणि बघावं तर वायरच निघालेली असायची. पण इथे ज्याचं काम अडलं तो समोर उभा असे, काम झालं की चहा मागवत असे. धीरजही सरळ मुलगा निघाला. सरावाच्या वेळेला सोडायचं त्याने एका शब्दावर कबूल केलं.

चिमी विभागीय सामने खेळून आली. मैनाबाई एकदा सामना बघायला दातिवऱ्याहून आली, पहिल्या रांगेत बसली, आणि नातीला कोणी खाली पाडलं की उभी राहून पंचांना जाब विचारू लागली. तिला दोनदा खाली बसवावं लागलं.

परवा दीपिकाला मैत्रिणींबरोबर मुंबईला जायचं होतं आणि परीक्षा तोंडावर होती. कमलाकांत नाही म्हणाला. तिने वाद घातला, तुम्हाला काही कळत नाही असं तोंडावर सांगितलं आणि खोलीत जाऊन दार धाडकन आपटलं. अर्चना ताडकन उठली. कमलाकांतने तिला हाताने थांबवलं. “रविवारच्या कॉलवर कधी अशी भांडली नाही,” तो अर्चनाकडे बघून हसत म्हणाला. अर्चनाने कपाळाला हात लावला आणि कुकर लावायला आत गेली.