विष पिणाऱ्या जलकुंभीच्या गावी

फोटो काढायला जायचं असेल तर जाऊ नका, आधीच सांगते. मी गेले ते मोठ्या बहिणीच्या, कमलबाईच्या फोनमुळं. "आमच्या तलावातलं विष जलकुंभी पिऊन राहिली वं, पाहून जा." पितळ पॉलिश करायच्या एका कारखान्याचं पाणी त्या तलावात वर्षानुवर्षं आलं. कारखाना बंद पडला, पितळेतलं शिसं गाळात राहिलं.

लाखांदूरहून सकाळची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. साकोलीला तर्री-पोहे खाल्ले. तर्री जहाल, पोहे गार. तिथून पुढं रस्ता उखडलेला. कंबर दुखत असेल त्यानं मागच्या सीटवर बसू नये. पाणी घरूनच न्या.

तलाव जलकुंभीनं, म्हणजे जलपर्णीनं, हिरवागार, वर जांभळी फुलं. बगळा एकही नाही. कॉलेजच्या एक मॅडम माणसं लावून जलकुंभी उपटून घेत होत्या. मी विचारलं, "पिते, मंग विष जाते कुठं?"

"जात नाही, काकू. झाड आत बारीक धागे तयार करतं. ते शिशाला धरतात आणि पेशीतल्या थैलीत कोंडतात. म्हणून झाड जगतं. पण शिसं झाडातच राहतं, मुळांत जास्त. म्हणून उपटलेलं सगळं आम्ही पोत्यांत भरून नेतो."

"सगळंच?" कमलबाई म्हणाली. तिचं तोंड उतरलं होतं.

मला ती घरामागं सांदवाडीत घेऊन गेली. आमच्याकडं तलावाचं काही फेकत नाहीत. गाळ वावरात, जलकुंभी खतात. मागच्या वेळी उपटलं तेव्हा पोती भरायच्या आधीच तिनं टोपल्या उचलल्या होत्या. त्या खतावर पालक तरारला होता.

"नातीले रोज वरणात घालून देतो," ती म्हणाली. नात अडीच वर्षांची.

"अक्कल चरायले गेली होती काय तुही?"

"खत म्हणून आणलं. तू सोडलं असतं?"

नसतं सोडलं. दोघींनी पालक मुळासकट उपटला, माती खरवडली, पोती मॅडमना दिली. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. "मुलीचं रक्त तपासा. उद्याच," एवढंच बोलल्या.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. झाड काम करते, ते खोटं नाही. तलाव पाहून या. उपटलेल्याला मात्र हात लावू नका.

काल कमलबाईचा फोन आला. पोरीच्या रक्तात शिसं निघालं. हाडात जाऊन बसते, म्हणाले डॉक्टर.

"झाडाजवळ कोंडायले थैली आहे वं," ती म्हणाली. "पोरीजवळ काय आहे?"

  तिकडून नातीच्या खेळण्याचा आवाज येत होता, तो ऐकत दोघी बसलो.