मागच्या दारानं या

अगं बाई,

तुझ्या तोंडावर मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही. लगेच ‘काय हवंय?’ म्हणून विचारलं असतंस. म्हणून लिहिते. पण तुझी गोष्ट तुलाच काय सांगायची? इतरांना सांगते, तू नुसती ऐक.

गल्लीत तिला बाटलीवाली म्हणतात. नवरा गेला आणि घराच्या पुढच्या खोलीतलं दारूचं छोटंसं दुकान तिच्या गळ्यात पडलं. स्वतः कधी थेंब चाखला नाही, पण कुठली बाटली कुठल्या फळीवर, ते डोळे मिटून सांगते. आधीच झोकून आलेल्याच्या हातात ती सोडा ठेवते.

“मावशी, गिऱ्हाईक आहे मी!”

“गिऱ्हाईक उद्या. आज पेशंट आहेस.”

मग नवा कायदा आला. शाळेच्या फाटकापासून दुकानाच्या दारापर्यंत पायवाटेनं शंभर मीटर अंतर हवं, नाहीतर लायसन रद्द. दुसरीकडे जागा घेतली तरी लायसन गेलंच. या कायद्याच्या मागणीवर पहिली सही शेजारच्या शिक्षिकेची होती, म्हणजे माझी. तिला ते ठाऊक होतं. तरी रोज माझा पेपर माझ्याआधी तीच वाचायची.

मोजणीचे साहेब आले. शाळेच्या मोठ्या फाटकापासून मोजलं, एकशे सहा. “सुटलात, मावशी,” म्हणत त्यांनी पेन काढलं.

“साहेब, ते फाटक पाहुण्यांसाठी. पोरं बाजूच्या छोट्या फाटकानं येतात. तिथून मोजा.”

“अहो, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?”

“मोजा म्हणते ना!”

ब्याण्णव भरले. साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

“गप्प बसायला काय झालं होतं?” मी चिडले.

“मग तुझ्या सहीला काय अर्थ राहिला असता?” तिनं मलाच झापलं.

दुसऱ्या दुपारी ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून कपडे वाळत घालायची दोरी घेऊन निघाली. मागच्या गल्लीनं, वळसा घालून, छोट्या फाटकापर्यंत मोजत गेली. परतली ती हसतच. आठवड्यात गॅस, ओटा, डबे पुढच्या खोलीत आले; फळ्या, बाटल्या नि गल्ला मागे गेला. पुढचं दार विटांनी बुजवलं, खिडकी तेवढी ठेवली. पत्ता तोच, इमारत तीच. साहेबांनी पुन्हा टेप लावली. एकशे अडतीस! लायसन शाबूत.

जुनी गिऱ्हाइकं अजून सवयीनं खिडकीशी येतात. ती आतून सुरी उगारते, “इथे फक्त भाजी, तीही माझ्यापुरती. मागच्या दारानं या!”

त्या दुसऱ्या मोजणीच्या दिवशी साहेब टेप तुझ्याकडेच विसरले. पेन्शनच्या कामाला मी त्यांच्या कचेरीवरून जाते, म्हणून तू ती माझ्या हातात दिलीस. “देऊन टाक गं, सरकारी वस्तू घरात नको.” त्या साहेबांची बदली झाली, नंतरच्यांचीही झाली. तू दर महिन्याला ‘दिलीस का?’ विचारतेस, आणि मी ‘पिशवी बदलली, घरीच राहिली’ म्हणून सांगते. टेप माझ्या टेबलाच्या खणात आहे; तू ब्याण्णव मोजायला लावलंस ती, परत द्यायला मन होत नाही.