मामांच्या फाटकातल्या चार पिवळ्या रेषा

अल्लीपुरात विमान उतरवायची वेळ आलीच, तर ते माझ्या बायकोच्या मामांच्या अंगणातच उतरेल, याबद्दल वैमानिकांत दुमत नसावं. मामांची नोकरी विमानतळावर धावपट्ट्या रंगवण्याची. निवृत्त झाल्यावर तोच हात त्यांनी घरावर फिरवला. फाटकातून पूर्वेला, स्वयंपाकघराकडे जाताना जमिनीवर ०९, परतताना २७. होकायंत्रातले अंश, शेवटचं शून्य गाळून. मामींनी हळदीचा डबा विचारला की मामा सांगत, "नव्वद अंशावर, वरच्या फळीत."

पण खरी मेख फाटकात होती. तिथे चार आडव्या पिवळ्या रेषा. बाहेरच्या बाजूला दोन अखंड, आतल्या बाजूला दोन तुटक. अखंड रेषा आपल्याकडे असल्या की वैमानिकानं थांबायचं, टॉवरची परवानगी मागायची. तुटक असल्या की खुशाल ओलांडायच्या. म्हणजे आत शिरताना विचारायचं, बाहेर पडताना नाही. नवा जावई असताना मला हे ज्ञान नव्हतं. मी ओल्या रंगावरून स्कूटर थेट अंगणात घातली.

"काऊन जी जवाईबापू, समोरून विमान येऊन राह्यलं असतं तं?" मामा कडाडले.

आतून मामी म्हणाल्या, "या जी तुम्ही! त्याईचा टॉवर म्या बंद केला."

स्कूटरची चाकं पुढे कित्येक दिवस पिवळी होती. पेट्रोलपंपावर मला हळद लागलेला नवरदेव समजत.

मग मामी गेल्या. टॉवर एकट्या मामांकडे आला आणि मामांना दुपारची डुलकी लागते. लोक रेषेवरूनच परतू लागले. गेल्या दिवाळीत मीही, जुन्या गुन्ह्याची भरपाई म्हणून, शिस्तीत रेषेवर थांबलो. दोन हाका मारल्या, उत्तर नाही. फराळाचा डबा फाटकाला अडकवून, स्वतःच्या शहाणपणावर खूश होत परतलो. संध्याकाळी मामांचा फोन.

"डब्बा उतरला. तुम्ही काऊन नाई उतरले? मी सकायपासून नवा शर्ट घालून बसलो होतो जी."

संक्रांतीला गेलो, तर फाटकात रंग ताजा. तुटक रेषा बाहेर, अखंड आत.

"मामा, हे उलटं झालं."

"मालूम हाये. या."

चार वाजता निघालो. पायाशी दोन अखंड रेषा. वळून रीतसर विचारलं, "मामा, निघू?"

मामांनी आभाळाकडे पाहिलं. "थांबा जी. हवा बरोबर नाई."

आभाळ लख्ख होतं. मी २७ वर खुर्ची ओढून बसलो.