टायर नवे होते, तरी गाडी चढेना

मित्रहो, आज सकाळी मुळगावच्या चढावर मी आईला घेऊन गाडीत अडकलो होतो. नऊ वाजता तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

पाऊस पडत होता. खाणीच्या ट्रकांतून सांडलेल्या मातीचा रस्त्यावर लाल गिलावा झाला होता. ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं जागीच फिरत आणि गाडी गटाराकडे घसरे. दुसऱ्या बाजूला दरड, मागे हॉर्न वाजवणारे ट्रक.

"बाबू, गाडी मागे सरकता मरे!" आईने माझा दंड घट्ट धरला.

टायर महिन्यापूर्वीच घेतले होते. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि "तुम्ही मला फसवलंत" असं ओरडलो.

तेवढ्यात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. सावंतवाडीकडचा असावा. चाकाशी वाकला आणि हसला.

"दादा, टायरवाल्याक कित्याक गाळी घालतास? खाचीत सगळी माती बसली हा. पकड खंयसून येतली?"

त्याने स्क्रूड्रायव्हरने खाचांतली माती कोरून काढली, चाकांखाली गोणपाट घातलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायला सांगितलं. गाडी चढली. आईचं ऑपरेशन झालं.

दर रविवारी मी गाडी पुसतो. टायर मात्र कधीच धुतले नाहीत, पुन्हा लालच होणार म्हणून.

दुकानदाराचा नंबर समोर आहे. सकाळी ओरडताना शब्द शोधावे लागले नव्हते. तुम्ही कधी असा माफीचा फोन केला असेल, तर पहिलं वाक्य काय बोललात?