दोन गाड्यांची मागची सीट

आमच्या घरात दोन गाड्या झाल्या. आधी सासऱ्यांनी सेकंडहँड घेतलेली अँबॅसिडर आणि बऱ्याच वर्षांनी यांनी घेतलेली छोटी लाल आठशे. घरातले पुरुष अजून त्यांची तुलना करतात. पहिलीचा पत्रा जाड, दुसरी पेट्रोल कमी पिणारी. मला दोन्ही गाड्या मागच्या सीटवरून माहीत आहेत.

अँबॅसिडरला पुढे एकच लांब सीट होती. सासरे, हे आणि दीर तिथे ऐसपैस बसत. मागे सासूबाई, जाऊ, मी, पोरं आणि पुऱ्यांचा डबा. संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात, तसे आम्हीही जायचो. तिथे पुरुष लढाईच्या आठवणीने डोळे पुसत. परतताना मागे पोर ओकलं, की गाडी थांबवावी लागते म्हणून मलाच बोलत.

आठशे आली तेव्हा आम्ही मयूर विहारला होतो. सासरे गेलेले, दीर वेगळे राहत. आता पुढे मी बसेन असं मला वाटलं. तिथे आमचा दहावीतला मुलगा बसला. दसऱ्याला गाडीची पूजा मात्र मीच करायची. हे ऑफिसला बसने जात, गाडी खाली कव्हरमध्ये उभी.

शेजारच्या पंजाबी बाईबरोबर जाऊन मी गाडी शिकले. लायसन्स यांच्यापुढे ठेवलं.

"अच्छा, चौथी पास ड्रायव्हर," हे म्हणाले.

"चावी द्या."

"क्लच जाळशील. भाजी आणायला गाडी लागते का तुला?"

मुलगा हसला. चावी यांच्या खिशात गेली, ती रोज ऑफिसलाही जाऊ लागली.

माझी धाकटी बहीण गाझियाबादला राहायची. तिचं हृदय अधू होतं. एका दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला, "ताई, लगेच या. तुमचंच नाव घेतेय." मी यांच्या ऑफिसात फोन लावला.

"संध्याकाळी येतो, मग जाऊ," हे म्हणाले.

"तिला श्वास घेता येत नाहीये."

"मग तू जाऊन काय करणार? डॉक्टर आहेस?"

गाडी खाली उभी होती. मी बस पकडली, वाटेत बदलली, पुढे रिक्षा केली. पोचले तेव्हा तिला जमिनीवर घेतलं होतं.

"ताई आली का, ताई आली का, एवढंच विचारत होती," तिचा नवरा म्हणाला.

संध्याकाळी हे गाडीने आले. झाडावर पक्षी बसतात म्हणून आधी गाडीवर कव्हर घातलं, मग वर आले.

तिचे दिवस झाल्यावर यांनी चावी आपणहून माझ्यापुढे ठेवली. "चालव बिल्कुल. मी कुठे नाही म्हणतो?"

"कुणाकडे जाऊ?" मी विचारलं.


हे पेपर वाचू लागले.