साहेबांची तुळस

तुळशीला आमच्या इन्चार्जसाहेबांइतकं कामाला साऱ्या सिल्वासात कुणी लावलं नसेल. टाक्यांच्या वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी फोटो काढून तपासायचे, हे आमचं खातं. आणि किरणांनी पेशींची जी नासधूस होते ती तुळशीतली द्रव्यं थोपवतात, ही साहेबांची श्रद्धा. टोकरखाड्यातल्या त्यांच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांतून तुळशी इतक्या माजल्या होत्या की वहिनी कपडे शेजारणीच्या दोरीवर वाळत घालीत. रोज थर्मास भरून रस खात्यात येई. पुण्याच्या नव्या मॅनेजरांनी भाबडेपणाने चहा मागितला, तर त्यांच्याही हातात तोच कप आला. "कडू लागतो का?" साहेबांनी काळजीने विचारलं. "नाही, ओतायची जागा शोधतोय," मॅनेजर म्हणाले.

मी शिरपूरकडचा, घरातला पहिला पदवीधर. नोकरी साहेबांनीच दिली. पण बायकोला दिवस गेले आणि कुणीतरी सांगितलं, या खात्यातल्यांची पोरं धड निपजत नाहीत. मी राजीनामा लिहिला. साहेबांनी तो वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. "गावी जाऊन वडिलांना काय सांगशील? रस वाढव."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होऊन किरणांचं काम सुरू व्हायच्या वेळीच साहेबांना ताजा पाला लागू लागला. "पाटील, सायकल काढ. कोवळी पानं बघून तोड, दहा मिनिटं सावलीत ठेव, मगच निघ. आणि छातीवरचा बिल्ला काढू नकोस." अंगावर किती किरणं पडली ते त्या बिल्ल्यातल्या फिल्मवर उमटायचं. गेटवरचा वॉचमन रोज विचारी, "पाटीलभाई, साहेबांनी बकरी पाळली काय?" मी परतेपर्यंत काम उरकलेलं असे; मी जोडांच्या फोटोंच्या फिल्म धुवायला बसे.

बिल्ल्यांचा अहवाल आला की माझ्या नावापुढे शून्य. साहेब कागद खातंभर फिरवीत. "बघा, तुळस!" मी डोळे मिटून आणखी एक कप पीत असे.

मुलगी झाली, ठणठणीत. साहेबांनी तिची बोटं दोनदा मोजली आणि दुसऱ्या दिवशी माझी पाल्याची फेरी बंद झाली.

पुढे ते निवृत्त होऊन नाशिकला गेले आणि त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. ड्रॉवरमध्ये माझा राजीनामा होता, खाली ते जुने अहवाल. माझ्या शून्याखालची ओळ मी तेव्हा कधी वाचलीच नव्हती. साहेबांचा आकडा मर्यादेच्या आत होता, पण दोघांच्या वाट्याचा होता.

मी लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं: "मुलीला रस देतोस ना?"

देतो. पानं तोडून दहा मिनिटं सावलीत ठेवतो, मगच.